पोतं तीनदा झटकायचं

महानंदा, तुझं पोतं अजून माझ्या ऑफिसात आहे. त्या दिवशी तिसरीच्या मुलींनी ते गवतातून उचलून आणलं, चौघडी घातली आणि दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलं. तेव्हापासून त्या खुर्चीवर कोणी बसलेलं नाही. मी तर तिच्याजवळून जातानाही अंग चोरून जाते, कारण घडी घालण्याआधी ते कोणी झटकलं नव्हतं. पोतं तीनदा झटकल्याशिवाय त्यावर बसायचं नाही आणि झटकल्याशिवाय घडी घालायची नाही, हा नियम तुझाच. त्या दिवशी तेवढंच राहून गेलं. आत विंचू असेल, काही नसेलही. तू असतीस तर सगळ्या वर्गासमोर म्हणाली असतीस, "मोठ्या बाई, पोत्याला कवापास्नं भ्यायला लागलात?"

शोकसभा झाली. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक आले होते. तुझी नोकरी किती वर्षांची, बदल्या कुठं कुठं झाल्या, सगळं सांगून झालं. एकजण तुला मनमिळाऊ म्हणाले. तू आणि मनमिळाऊ! माझ्याशी चार दिवस एक शब्द न बोललेली बाई तू. मी मान खाली घालून बसले होते आणि लोकांना वाटलं की मला रडू आवरत नाही. रडू नव्हतं ते. कोणी मला काही विचारेल याची धास्ती होती.

आज गुरुवार आहे. शाळा सुटली, पोरं गेली, व्हरांड्यात कुत्रं झोपलंय. परवा शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. तुझं गवत ठेवायचं की जाळून वर पेव्हर ब्लॉक बसवायचे, ते त्यात ठरणार आहे. मला तिथं एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगायची इतकी भीती वाटते की आधी तुला सांगून बघते. तसं तुला कशाला सांगायचं म्हणा. मी सोडून ती माहीत असलेली तूच एकटी होतीस.

तू आलीस तेव्हा आपलं पटांगण म्हणजे नुसता मुरूम होता. मी बार्शीची, फरशीच्या अंगणात वाढलेली. मला पटांगण कसं, तर झाडून काढलेलं, पांढऱ्या रेघा मारलेलं आणि कडेनं गुलमोहर असलेलं हवं होतं. दर पावसाळ्यात आम्ही गुलमोहर लावायचो, फोटो वर पाठवायचो आणि मार्चपर्यंत वाळलेल्या काड्या उपटून टाकायचो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप. तू पहिल्याच जुलैत हातात रोप घेऊन त्या खड्ड्याकडं बघत उभी राहिलीस.

"ह्या खड्ड्यानं किती रोपं गिळली हो, बाई?"

"पाणी कमी पडतं," मी म्हणाले.

"पान्याचं काय न्हाय. हे रान झाडाचं न्हायच की. गवताचं हाय. तुमी त्येच्या मागं उगंच गुलमोहर घेऊन लागलाय."

वर्गात तू पुस्तकातली मराठी बोलायचीस, माझ्याशी मात्र घरची. अक्कलकोटकडची, मधेच कानडीत घसरणारी. मला आधी तो आगाऊपणा वाटला. मग कळलं की जिच्याशी पटतं तिच्याशीच तू तशी बोलतेस. हे कळायला मला दोन वर्षं लागली. मी मुळात संथच.

तू पटांगणाचा एक कोपरा मागून घेतलास, पार मागच्या कुंपणापासून हातपंपापर्यंतचा. वेड्या बाभळीच्या फांद्या ओढून त्याला काटेरी कुंपण केलंस. त्यानंतर काय केलंस? काहीच नाही. एक अख्खा पावसाळा त्या जागेला हात लावायचा नाही म्हणालीस. गाव मला विचारायचं, "नव्या बाईनी जागा अडवून ठेवली, करायच्या काय हाईत?" आणि मी सांगायचे, काहीतरी प्रकल्प आहे. मनात म्हणायचे, कामचुकार आहे झालं.

दसऱ्याला बघितलं तर कोपऱ्यात कमरेएवढं गवत. कुठून आलं? तू म्हणालीस, हितंच हुतं, आपण त्येला उठू देत नव्हतो. मग तुझ्या वर्गातल्या पोरांनी त्यातली एकेक काडी घरी नेऊन आजोबांना दाखवली आणि नावं आणली. मारवेल, पवना, कुसळी. जी पोरं घरी कानडी बोलतात आणि वर्गात तोंड उघडत नाहीत, ती त्या कोपऱ्यात सुटायची. एकजण "हुल्लु" म्हणायचा, दुसरा "गवत" म्हणायचा आणि तू दोन्ही फळ्यावर लिहायचीस. मग माळावरनं तरवड आला, बोर आली, नेपतीचं झुडूप आलं. त्याला लाल फुलं आली तेव्हा तू मला खिडकीतून हाका मारमारून दमलीस. मी खिडकीतूनच बघितलं.

हे खिडकीतून बघणं मी सात वर्षं केलं, महानंदा. त्या गवतात मी एकदाही पाऊल टाकलं नाही. तुझा वर्ग दगडांच्या अर्धगोलात पोती टाकून बसायचा, गणितं सोडवायचा, मुंग्या मोजायचा. टिटवीनं उघड्यावर अंडी घातली तर भोवती खडे मांडायचा. मी आत ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर शाळेची माहिती भरायचे आणि घाबरायचे. मी कशाला घाबरत नाही? साहेबांच्या भेटीला घाबरते, पालकांच्या मोठ्या आवाजाला घाबरते, पालीला घाबरते. टिटवी ओरडली तरी मी दचकते. पण त्या गवताची भीती वेगळीच होती, कारण ती खरी होती.

धामण निघाली तो दिवस आठवतो? तुझ्या पोरांनी काठी आपटली आणि ती दगडाखालून निघून कुंपणाकडं गेली, चांगली हातभर जाड. खरंच सांगते, मला तेवढी दिसली. पोरं जागच्या जागी उभी राहिली, तू शिकवलंस तशी. एकजण कुजबुजला, "बाई, लांबडं!" आपल्याकडं त्याचं नाव घेत नाहीत ना, लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात, चावलं तर पान लागलं म्हणतात. तू मोठ्यानं म्हणालीस, "साप म्हण. आन् कुटला, ते पण सांग. धामण हाय ती. उंदरं खाती. तिला तुमच्यात काय रस न्हाय." इकडं मी ऑफिसाची कडी आतून लावून टेबलावर पाय घेऊन बसले होते. नंतर ते तू किती रंगवून सांगायचीस! केंद्राच्या बैठकीतसुद्धा सांगितलंस. मी चिडले तर म्हणालीस, "भ्या की, बाई. मी पण भितेच. घोणस बी असती हितं, न्हाय कशाला म्हणू? म्हणून तर काठी आपटते, पोतं झटकते."

माझ्याकडं काठी नव्हती आणि पोतंही नव्हतं. भीती तेवढी होती, आणि त्या भीतीपायीच मी ते दिवाळीचं केलं.

एका वर्षी दिवाळीनंतर वरून भेट होणार असा निरोप आला. तू गावी गेली होतीस. मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, साहेब पटांगणात उभे आहेत आणि त्यांच्या बुटांजवळून ते जात आहे. मी समितीचे अध्यक्ष सिद्धाराम यांना सांगून माणूस लावला आणि सगळं गवत मुळापासून कापून काढलं. साहेब आलेच नाहीत. सुट्टी संपून तू आलीस, कुंपणाशी थांबलीस, वाकून एक कापलेली काडी उचललीस, तिच्या टोकाला बोट लावून पाहिलंस. मग चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी हजेरीचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवत म्हणालीस, "बी पडू द्यायचं हुतं हो, बाई. पंधरा दिवस थांबला असता तर." बस्स, तेवढंच. मी म्हणाले, पोराला काही झालं असतं तर जबाबदार कोण? तू म्हणालीस, मी. मी म्हणाले, नाही, मी. दोघींनाही शेवटचा शब्द हवा होता. पुढचा पावसाळा सुरू होताना तुझी पोरं घराघरांतून बांधावरच्या गवताचं बी रुमालात बांधून आणायची. ते गवत परत आलं, पण तो वाद तिथंच राहिला.

आता ज्या दिवसासाठी लिहायला बसले, त्या दिवसाकडं येते. अक्षर बघ कसं झालंय.

गेल्या आठवड्यातला मंगळवार होता. सकाळी परिपाठानंतर तू ऑफिसात आलीस. सिद्धाराम यांनी पेव्हर ब्लॉकचं काढलं होतं, पटांगण एकसारखं करायचं, कोपऱ्यासकट. मी त्या अर्जावर सही करणार होते. तू म्हणालीस, "उन्हाळ्यात पोरांचे पाय भाजतील." मी म्हणाले, चपला असतात. तू म्हणालीस, "सगळ्यास्नी न्हाईत." आवाज चढले. मधेच तू खुर्ची धरलीस. कपाळावर घाम होता, जानेवारीच्या सकाळी. "छातीत जळजळ व्हायलीय. काल मळ्यात हुरडा लई झाला, त्यात लसणाची चटणी. हात बी भरून आलाय, डावा." मी टेबलाचा खण उघडला, पित्ताची गोळी काढून दिली आणि म्हणाले, "चहा कमी कर, आणि हे डोक्यातलं गवत पण कमी कर." माहिती भरायला बारा वाजेपर्यंतची मुदत होती. स्क्रीनवरचं चक्र गोल गोल फिरत होतं. मी परत तिकडं वळले. "वर्ग घिऊन येते," तू म्हणालीस, "मग बोलू."

माझी आई अशीच गेली होती, महानंदा. असाच घाम, असाच डावा हात. मला माहीत होतं. म्हणजे, माहीत व्हायला हवं होतं. मी तुझ्याकडं नीट बघितलंच नाही.

मधल्या सुट्टीनंतर खिडकीतून पाहिलं तर तू गवतात आडवी होतीस. पोरं लांब दगडांवर बसलेली, गप्प. मी मनात म्हणाले, झालं, सापडली वाटतं मुंग्यांची रांग. तुझी ती पद्धत कोणाला माहीत नाही? तू आडवी झालीस की पोरांनी असतील तिथं बसायचं, हाक मारायची नाही, हाक मारली की किडा पळतो. तू हात वर केलास की मग एकेकानं रांगत यायचं. सव्वीस पोरं हात वर व्हायची वाट बघत बसली होती. किती वेळ, ते त्यांना सांगता येत नाही. मीही बघितलं आणि खिडकी लावून घेतली, ऊन स्क्रीनवर पडत होतं म्हणून.

मग मी तासाची घंटा दिली. तुझा वर्ग उठेना. मी तरातरा कुंपणापर्यंत गेले आणि ओरडले, "महानंदा, घंटा ऐकू येत नाही का? का तुला वेगळी घंटा लावायची?" ते माझे तुझ्याशी शेवटचे शब्द. एका पोरीनं माझ्याकडं वळून तोंडावर बोट ठेवलं. गप्प राहा म्हणून, किडा पळेल म्हणून. मग मला काहीतरी जाणवलं, आणि तरी मी आत आले नाही. ऐकतेस ना? मी कुंपणाच्या बाहेर उभी राहून चौथीच्या सरांना हाका मारल्या. सर धावत आत गेले. मी गवताच्या कडेला तशीच उभी होते, साडीचा काठ वर धरून.

जीपमधून मंद्रूपला, तिथून सोलापूरला. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले हृदय, आणि ते कधीच थांबलंय. पण गावात जीप सुटतानाच कोणीतरी म्हणालं होतं, "पान लागलं असंल बाईस्नी." आम्ही परत येईपर्यंत गावात दुसरं काही उरलंच नव्हतं. जनावरानं खाल्लं. गवतात बसायच्या ना, खाल्लं. सिद्धाराम यांनी मला दारात विचारलं, "जनावरच ना?" मी काय म्हणाले ठाऊक आहे? "डॉक्टर बघतायत," म्हणाले. डॉक्टरांनी बघून झालं होतं. मी फक्त नाही म्हणाले नाही. हृदय म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, सकाळी बाईंना काही होत होतं का? जनावर म्हटलं की कोणी काही विचारत नाही. सगळा दोष त्याच्यावर.

तुमच्याकडच्या रीतीनं तुला बसवून माती दिली. कपाळावर विभूती, मांडी घातलेली, वर्गात बसायचीस तशी. खड्ड्याच्या कडेलाही कुसळी होती, माझ्या पदराला चिकटून घरापर्यंत आली. नंतर मी मल्लिनाथ यांना भेटायला गेले. तुझा नवरा बोलका माणूस, त्या दिवशी मात्र दुकानाच्या फळीवर हात ठेवून नुसता बसला होता. "डॉक्टर इच्यारत हुते, कवापास्नं दुखत हुतं म्हणून. मला काय म्हाईत, बाई? घरनं हासत गेली." मी कपातला चहा हलवत बसले. साय आली तरी हलवत होते. मग उठून बसस्टॉपवर आले.

हे मी झाकून ठेवू शकले असते, महानंदा. खरंच ठेवलं असतं. तुझं गवत गेलं असतं, मी अर्जावर सही केली असती आणि दर उन्हाळ्यात ब्लॉकवरनं चालताना तुझी आठवण काढली असती. पण काल मधल्या सुट्टीत तुझ्या वर्गातली रेणुका ऑफिसात आली. तिनंच त्या दिवशी मला तोंडावर बोट ठेवून दाखवलं होतं. डबा न खाता आली होती. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत उभी राहिली.

"मोठ्या बाई, आमी हाक मारली असती तर बाई उठल्या असत्या का?"

मी म्हणाले, नाही गं.

"मग आमी गप बसलो म्हणून न्हाय ना?"

"नाही."

"मग कशानं?"

मी म्हणाले, जा, आधी डबा खा. ती गेली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवलेला नाही हे मला पाठीवरनं कळलं. सव्वीस पोरं घरी जाऊन अंथरुणात हेच मोजत असतील, आपण किती वेळ गप्प बसलो. आणि जिला सकाळीच कळायला हवं होतं ती मुख्याध्यापिका बैठकीत जनावराच्या मागं लपणार. मी भित्री आहे, ते तुला ठाऊकच होतं. पण आता माझ्या भित्रेपणाचं ओझं त्या पोरीनं उचललंय, आणि ते मला बघवत नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते, सोमवारी.

शुक्रवारी मल्लिनाथ यांना फोन केला. समोर जायची हिंमत नव्हती, तुला काय खोटं सांगू. गोळीचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, कुंपणाशी थांबल्याचंही सांगितलं. पलीकडं दुकानात कोणीतरी साखर मागत होतं. त्यांनी ती तोलून दिल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "उद्या किती वाजता हाय?"

शनिवारी बैठकीला लोक एवढे आले की पोरांच्या बाकांवर बसावं लागलं. सिद्धाराम यांनी सुरुवातच केली, "बाई, इषय एकच हाय. गवत जाळायचं, ब्लॉक बसवायचं. आमची पोरं काय फुकटची न्हाईत." मी उभी राहिले. टेबल धरलं. म्हणाले, महानंदा बाईंना साप चावलेला नाही. खोलीत गलका झाला. मल्लिनाथ मागच्या बाकावरून उठले, खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि सिद्धाराम यांच्या हातात दिला. ते वाचेपर्यंत मी थांबले. तेवढ्यावर खाली बसले असते तरी चाललं असतं, गवत वाचलं असतं. मला तसा मोह झाला, तुला सांगते. पण रेणुकाची आजी पुढंच बसली होती.

म्हणून मी सगळं सांगितलं. सकाळी तुला घाम आला होता, हात दुखत होता, मी गोळी देऊन वाटेला लावलं. पोरं गप्प बसली कारण त्यांना तसं शिकवलं होतं, त्यांची यात काडीची चूक नाही, चूक असलीच तर माझी. आवाज मधेच फाटला. कोणी पाणी दिलं नाही. एक बाई म्हणाली, "म्हंजे तवाच दवाखान्यात नेलं असतं तर?" मी म्हणाले, तर कदाचित. रेणुकाच्या आजीनं पदर डोळ्याला लावला आणि माझ्याकडं बघितलं नाही.

शेवटी सिद्धारामच बोलले. कागदाची घडी घालत म्हणाले, "जनावर न्हवतं, मान्य. पर हाय का न्हाय गवतात?"

"आहे," मी म्हणाले. "असणारच. म्हणून तर पोतं झटकायचं."

"सात वर्सं तुमी सवता कदी आत गेला न्हाई. आमी बघतोय की. सोमवारी पोरांसंगं आत बसा. तुमी बसलात तर गवत ऱ्हाईल. न्हाय बसलात तर ब्लॉक."

लोक हसले. वाईट हसले असं नाही, पण हसले. मी हो म्हणाले. बाहेर आल्यावर मल्लिनाथ यांना चहाला थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत. मोटरसायकलवर बसताना एवढंच विचारलं, "ती गोळी, घेतली हुती का तिनं?" मी म्हणाले, मला माहीत नाही. "मला बी न्हाय," म्हणाले आणि गेले. मला माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मी ते विचारणारही नाही.

आज सकाळी परिपाठ झाल्यावर मी ऑफिसात आले आणि त्या खुर्चीसमोर उभी राहिले. पोतं दोन बोटांनी उचललं. व्हरांड्यात नेऊन झटकलं. एकदा झटकताना डोळे मिटले होते. दुसऱ्यांदा उघडले. तिसऱ्यांदा त्यातून कुसळं पडली, वाळकी माती पडली आणि बोराची एक बी. तू वर्गात बोरं खायचीस, आणि पोरांना ओरडायचीस.

काठी आपटत आत गेले. सिद्धाराम कुंपणाशी उभे होते, आणखी चारपाच जण होते. गवत वाळून सोन्यासारखं झालंय आणि आतून ते खिडकीतून दिसतं त्यापेक्षा खूप मोठं आहे, हे मला सांगायचं राहून गेलं असतं. प्रत्येक पावलाला वाटत होतं, इथं, आता, या काडीमागं. घामानं ब्लाउज भिजला. तुझ्या दगडावर पोतं टाकलं आणि बसले. पोरं समोर बसली, पण ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या पुढ्यातल्या दबलेल्या गवताकडं बघत होती, जिथं तू होतीस.

मी त्यांना सांगितलं, एक नियम बदलायचा. कोणी गवतात आडवं झालं की गप्प बसायचं नाही. हाक मारायची. ओ येईपर्यंत मारायची. ओ आली नाही तर धावत जायचं, किडा पळाला तर पळू दे. रेणुका म्हणाली, "आन् मोठ्या मान्साला?" मी म्हणाले, मोठ्या माणसाला आधी.

मग मी ते करून दाखवलं. महानंदा, या वयात, साडीत, अध्यक्षांसमोर मी तुझ्या जागेवर आडवी झाले. गाल जमिनीला लागला. मुळांमधे काहीतरी सरसरलं, अगदी कानाजवळ. मला उठून पळायचं होतं, कुंपण ओलांडून ऑफिसात, कडी लावून. तेवढ्यात सव्वीस आवाज एकदम आले, "बाई! ओ, बाई!" इतक्या जोरात की हातपंपावरची टिटवी ओरडत उडाली.

मी लगेच ओ दिली नाही. एक श्वासभर तशीच राहिले. त्यांनी हाक मारली होती तुलाच, असं मला वाटलं, आणि उत्तर द्यायचा हक्क आधी तुझा. गवत हललं नाही. मग पोरांची पावलं धावत येताना ऐकू आली आणि मी घाईघाईनं, भीत भीत, होता तेवढा आवाज काढून ओ दिली.